दोन कमानींमधली वाट

मित्रांनो, माझं सगळं मोल माझ्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. बाहेरून पाहाल तर हाताच्या पंज्याएवढी काळी कमान, दोन पाय आणि मागे शेपटीसारखी एक तार. एका पायात इवलासा दिवा, समोरच्या पायात तेवढाच इवलासा डोळा. त्या दिव्याचा प्रकाश तुम्हाला दिसत नाही, मला दिसतो. मी त्या एका किरणाकडे टक लावून बसते. मधून काही गेलं की किरण तुटतो, अंधार होतो, आणि तो अंधार किती वेळ टिकला एवढंच मी तारेतून आकड्यांच्या पेटीला कळवते. शास्त्राच्या पुस्तकात मला लाइट गेट म्हणतात. बाकीचं जग मला बहुतेक आवाजांनी कळतं आणि सावल्यांनी.

तुम्ही म्हणाल, एवढंसं काम आणि केवढी ऐट! पण सावलीवरून पुष्कळ कळतं हो. छोट्या गाडीवर पुठ्ठ्याचं कार्ड उभं करायचं. कार्डाची रुंदी पट्टीने मोजलेली असते, अंधार किती टिकला ते मी सांगते, भागाकार केला की गाडीचा वेग हाती येतो. मात्र तो वेग वाटेत किती वाढत गेला, म्हणजेच त्वरण किती, हे सांगायला एकीने भागत नाही. उताराच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक, अशा दोघी लागतात. म्हणून कारखान्यातून आम्ही दोघी एकाच खोक्यात निघालो, मी आणि माझी जुळी बहीण.

ऑकलंडला जाऊन राहिलेल्या आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला एका मोठ्या पिंपात भरून बोटीने पाठवलं. वर बिस्किटं आणि साबण, मध्ये चर्चच्या गायकमंडळींसाठी कापड आणि तळाशी आम्ही. पिंप उघडलं तेव्हा आमच्या अंगाला साबणाचा वास येत होता. टोंगा देशातल्या हाअपाईच्या या सपाट बेटावर सगळं समुद्राच्या उजेडात बुडालेलं असतं. वर्गाच्या छतावरसुद्धा पाण्याचे कवडसे हलतात. मुख्याध्यापकांनी आमच्यासाठी प्रार्थना केली, सगळ्या शाळेने चार आवाजांत स्तोत्र म्हटलं, आणि मग मुलं रांग लावून आमच्यातून बोटं फिरवू लागली. माझं बोट जास्त जलद, नाही माझं, यावरून भांडणंही झाली. काय दिवस होते ते! आम्ही दोघी उताराच्या दोन टोकांना बसायचो. तिच्याकडे पडलेली सावली थोड्या वेळाने माझ्याकडे यायची, पण यायची ती बदलून, अधिक घाईची होऊन. मधल्या वाटेत तिचं काय झालं ते आम्हा दोघींनाही दिसत नसे. दुपारी वर्ग रिकामा झाला की मी त्याच वाटेचा विचार करत बसायची.

मग एका वर्षी मोठं वादळ आलं. छप्पर उडालं, खिडकीच्या खालच्या काचपट्ट्या फुटल्या आणि आमच्या खोक्यात खारं पाणी शिरलं. मी वाळले आणि चालू झाले. बहीण मात्र तारेला जोडली की सदा अंधारच सांगायची. "ही गेली," असं कुणीतरी म्हणालं आणि तिला व्हरांड्यातल्या फळीवर, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी ठेवून दिलं. माझ्यापासून ती एका भिंतीपलीकडे होती. त्या भिंतीकडे कुणी पुन्हा पाहिलं नाही, आणि मला मान वळवता येत नाही.

त्यानंतर किती वर्गांनी माझ्यावर एकटीवर दिवस काढले ते मी मोजलं नाही. पण ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, ते सेमिसी सरांचं पहिलं वर्ष.

सेमिसी सर रक्ताने टोंगाचे, पण जन्मले आणि वाढले ऑकलंडला. त्यांचं टोंगन बोलणं ऐकून मुलं वह्यांआड तोंड लपवून हसायची. माणूस मात्र सोन्यासारखा. त्यांनी ठरवलं, एक कमान तर एक कमान, प्रयोग होणारच. ती उताराच्या तळाशी लावायची, वरून गाडी अलगद सोडायची, आणि सुटताना तिचा वेग शून्य होता असं धरून त्वरण काढायचं. "अट एकच," ते म्हणाले, "सोडताना धक्का नको. नुसतं बोट काढायचं." मग हजेरीपट पाहून त्यांनी जोड्या लावल्या. लोसालिने आणि मानासे यांची एक जोडी झाली.

वर्गात सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. ती दोघं सख्खी बहीणभाऊ होती. लोसालिनेला लहानपणीच आत्याने आपल्या घरी वाढवायला नेलं होतं, त्यामुळे तिचं आडनाव वेगळं होतं. ऑकलंडच्या सरांना ते कळणार कसं? आमच्याकडे भाऊबहीण मोठी झाली की एका खोलीत बसत नाहीत, एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत, आणि बहिणीच्या अंगावरच्या कपड्याबद्दल तर भाऊ चकार शब्द काढत नाही. तो मान आहे, आणि त्यात बहिणीचा मान मोठा. वर्गातही ती दोघं दोन टोकांना बसत. मानासे एक वर्ष नापास झाल्यामुळे धाकट्या बहिणीच्या वर्गात येऊन पडला होता, त्याची लाज वेगळीच. पण सरांनी सांगितलेलं मोडायचं कुणी? सगळे तोंडात मूग गिळून बसले.

मानासेने मात्र वाट काढली. त्याने उताराची फळी उचलली, व्हरांड्यात गेला आणि फुटलेल्या काचपट्ट्यांच्या जागेतून फळीचं खालचं टोक आत सरकवलं. वरच्या टोकाखाली त्याने बाहेर बाकावर खारवलेल्या मांसाचा डबा ठेवला. खालच्या टोकाला, आत टेबलावर, मी आणि माझ्यासमोर लोसालिने.

"तुझा जोडीदार कुठे आहे?" सरांनी विचारलं.

"बाहेर, सर," उत्तर फिफिताने दिलं. ही लोसालिनेची मैत्रीण. तिची जीभ तिच्या ताब्यात कधीच नसायची. "त्याला वारा लागतो."

"वारा? आणि तो डबा कशाला?"

"उताराला, सर. घाबरू नका, जेवणाच्या सुट्टीत उतार खाऊन टाकू."

वर्ग खो खो हसला. लोसालिने हसली नाही. ती आकड्यांच्या पेटीकडे बघत होती.

आकडे वेडेवाकडे येत होते. गाडी माझ्यापाशी यायची ती उताराने दिलेल्यापेक्षा जास्त वेग घेऊन. सरांनी हिशेब तपासला आणि डोकं खाजवलं. "हा उतार आहे की धबधबा? पृथ्वीसुद्धा एवढं ओढत नाही!" कारण मला ठाऊक होतं, आणि लोसालिनेलाही. गाडी सोडायला मानासेला खिडकीशी यावं लागे. आपण बहिणीच्या फार जवळ आलो या धास्तीने तो झटकन मागे सरायचा, आणि त्या घाईत गाडीला धक्का बसायचा. त्याला तो कळतही नव्हता.

"फिफिता," लोसालिने मोठ्याने म्हणाली, डोळे माझ्यावरच, "त्या बाहेरच्या वाऱ्याला सांग, जरा हळू वाहायला."

"वारा ऐकतोय गं," फिफिताने खिडकीकडे पाहून सांगितलं. "पण वाऱ्याचे कान लाल झालेत."

त्या दिवशी पुढचे सगळे आकडे आणखी बिघडले. हळू सोडायच्या नादात तो आता बोट आधी दाबायचा आणि मग झटक्याने काढायचा.

वर्ग सुटल्यावर फिफिता सरांपाशी घोटाळली. शेवटी तिने सगळं सांगून टाकलं. ती दोघं कोण आहेत ते सांगितलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मानासेच्या बापाने काय ठरवलंय तेही. यंदा हा पुन्हा नापास झाला तर शाळा बंद, काकाबरोबर ऑस्ट्रेलियाला, फळांच्या मळ्यात. राजधानीहून परीक्षक येणार होत्या, आणि प्रयोगाचे गुण गेले तर मानासे गेलाच म्हणून समजा.

सेमिसी सरांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लोसालिनेला बोलावलं. "चूक माझी. तुला फिफिताच्या जोडीत घालतो."

"मग त्याच्याबरोबर कोण?"

सरांनी हजेरीपट चाळला. नापास मुलाबरोबर गुण वाटून घ्यायला कोण तयार होणार? "त्याचं मी बघतो," ते म्हणाले.

"नको, सर," लोसालिने म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण हलला नाही. "त्याला प्रयोग जमत नाही असं नाही. त्याला खोली जमत नाही. आमची जोडी राहू द्या."

मित्रांनो, हे बोलणं माझ्यासमोर झालं आणि खिडकीच्या पलीकडे एक सावली उभी होती. तिने ते ऐकलं. ती खूप वेळ हलली नाही. माझ्यावर पडलेली इतकी स्थिर सावली मी तोवर पाहिली नव्हती.

शनिवारी शाळेत कुणी नसतं. खाडीकडून आळसावलेला वारा येत होता, लांब कुठेतरी झाडाच्या सालीचं कापड कुटणाऱ्या बायकांचे ठोके एका तालात पडत होते, आणि मला झोप येत होती, कमानींना जशी येते तशी. तेवढ्यात व्हरांड्यात पावलं वाजली. मानासे आला होता. हात स्थिर कसा ठेवायचा याचा सराव करायला आला असावा. गाडी सोडून पाहिली, पुन्हा सोडून पाहिली, मग वैतागून भिंतीला टेकला. टेकला तो बरोबर त्या फुटक्या पृथ्वीगोलाच्या फळीखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तशी माझी बहीण इतकी वर्षं तिथेच होती.

पुढचं मला नंतर तिनेच सांगितलं. त्याने तिला खाली घेतलं. उन्हाकडे धरून तिच्या पायातलं छिद्र पाहिलं, आणि मोठ्याने हसला. खारं पाणी, वादळ, सगळं खोटं! एका कुंभारीण माशीने तिच्या डोळ्याच्या छिद्रात मातीचं घर बांधलं होतं. ओल्या खोक्याला ऊन दाखवायला बाहेर ठेवलं तेव्हाच ते झालं असणार. डोळा शाबूत होता, पण दार लिंपलेलं होतं, आणि ती बिचारी खरं तेच सांगत होती की इथे अंधार आहे. मानासेने झावळीतला एक हीर तोडला आणि कणाकणाने माती उकरली. काय नाजूक हात चालत होता त्याचा! एकटा असला की त्याला कसलीच घाई नसे.

सोमवारी तिला माझ्या पेटीला जोडलं. मित्रांनो, मला रडू येण्याची सोय नाही. पण पेटीवर तिचा पहिला आकडा उमटला तेव्हा माझ्या किरणात जणू पाणी आलं. तिला वर, खिडकीच्या चौकटीपाशी लावलं. मी खाली होते. आमच्यामध्ये तीच जुनी वाट होती. गाडी तिच्यातून गेली, थोड्या वेळाने माझ्यातून गेली, आणि मला वाटलं, मधली सगळी वर्षं त्या गाडीत बसून आली आहेत.

आता मानासेच्या धक्क्याची भीती उरली नाही. गाडी धक्क्याने निघाली तर ते माझ्या बहिणीलाच आधी कळायचं. तिच्यापाशी गाडीचा वेग किती, माझ्यापाशी किती, आणि दोन्हींच्या मधलं अंतर किती, एवढ्यावरून उताराने काय दिलं ते निघायचं. सेमिसी सर बाकांमध्ये चक्क नाचले. ते पाहून फिफिता म्हणाली, "सरांचं टोंगन कच्चं आहे, नाच मात्र पक्का आहे."

परीक्षेचा दिवस आला. राजधानीहून अकानेसी मॅडम आल्या. भारदस्त बाई, त्यांच्या चालण्याने फरशी जाणवायची. पाहुण्या येणार म्हणून मुलगे धुतलेल्या कपड्यांवर ताओवाला, म्हणजे मानाच्या विणलेल्या चटया, कमरेला गुंडाळून आले होते. लोसालिनेला आत्याने आपली ठेवणीतली किएकिए नेसवली होती. किएकिए म्हणजे कमरेचा पट्टा, त्याला विणलेल्या लांब झिरमिळ्या. चालताना त्या अशा झुलतात की बघत राहावं. खोलीत कोण, बाहेर कोण, हे पाहून मॅडमनी काही विचारलं नाही. टोंगाच्याच होत्या, त्यांना सांगायला लागलं नाही.

"सुरू करा," त्या म्हणाल्या.

मानासेने गाडी सोडली. माझ्या बहिणीने आपलं बरोबर सांगितलं. मी मात्र गोंधळले. माझ्यावर एकामागून एक सावल्या पडत होत्या, बारीक, झुलत्या. लोसालिने पेटीवर वाकली होती आणि तिच्या ठेवणीतल्या झिरमिळ्यांतली एक माझ्या दोन पायांमध्ये लोंबत होती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पेटीवर भलताच आकडा आला. लोसालिनेचा चेहरा उतरला. मॅडमनी भुवई आक्रसून पेन्सिल उचलली.

खिडकीतून मानासेला सगळं दिसत होतं. दोषी कोण ते त्याला दिसत होतं, आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. परक्या बाईसमोर बहिणीच्या कमरेच्या कापडाचं नाव भावाने काढायचं? त्यापेक्षा समुद्रात उडी मारणं सोपं. आणि गप्प बसलं तर मळा.

लोसालिनेची सावली मी इतक्या दिवसांत ओळखायला शिकले होते, आणि तिच्या भावाचीही. त्याची सावली खिडकीशी आली. नेहमीसारखी मागे उडाली नाही.

"मॅडम, चूक माझी," मानासे म्हणाला. "डबा सरकला. माझा हात लागला. सगळ्यांनी टेबलापासून एक पाऊल मागे घ्यावं, म्हणजे मी उतार पुन्हा लावतो."

डबा तसूभरही सरकला नव्हता. मानासेने तो उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. मॅडम मागे सरल्या, सर मागे सरले, लोसालिने मागे सरली. झिरमिळी माझ्यातून निघून गेली आणि माझा किरण पुन्हा सरळ झाला. लोसालिनेने खाली पाहिलं. तिला कळलं. मग तिने झिरमिळ्या एका मुठीत धरल्या आणि तशीच उभी राहिली.

"तुझ्या हातून चूक झाली असं लिहू?" मॅडमनी खिडकीकडे पाहून विचारलं. "तुझे गुण जातील."

"लिहा, मॅडम."

मॅडमनी पेन्सिल टेकवली, पण काय लिहिलं ते मला दिसलं नाही. "पुन्हा सोड," त्या म्हणाल्या.

त्याने सोडली. मग न सांगता त्याने पुढच्या वेळी गाडी मुद्दाम जोरात ढकलली, आणि त्यापुढच्या वेळी अगदी हलकेच. लोसालिने आकडे वाचत गेली. वेग दर वेळी निराळे आले, पण त्वरण जवळजवळ तेच.

"हे कसं?" मॅडमनी विचारलं. "धक्का दिलास तरी उत्तर तेच कसं?"

"एकच कमान असली, मॅडम, तर सुटताना माझा हात स्थिर होता हे तुम्हाला मानावं लागतं," मानासे बाहेरून म्हणाला. "दोन असल्या की मानायला नको. मी काय केलं ते वरचीला कळतं. मग खालचीपाशी आल्यावर जे वाढलेलं असतं ते उताराचं."

"आणि हे शोधलं कुणी?"

"माती मी काढली. आकडे ज्यांनी वाचले त्यांनी मला सोडलं नाही, म्हणून काढली."

मॅडमनी दोन्ही भुवया उचलल्या. आमच्याकडे तो होकार असतो. जाता जाता त्या सेमिसी सरांना हळूच म्हणाल्या, पण माझ्या शेजारूनच, "डबा सरकला नव्हता हो. मी डब्याकडेच बघत होते." सरांना काही कळलं नाही. फिफिताने मात्र आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर हात दाबून धरला.

मानासे पास झाला. मळ्याची बोट त्याच्याशिवाय गेली. त्या झिरमिळीबद्दल ती दोघं कधी काही बोलली नाहीत, आणि कधी बोलणारही नाहीत.

आता मी खरंच म्हातारी झाले आहे. माझा दिवा मिणमिणतो, नवे संगणक माझी तार ओळखत नाहीत. लोसालिने याच शाळेत शिकवते. मानासे बेटांमधल्या बोटीवर इंजिन सांभाळतो. बोट धक्क्याला लागली की कधीतरी दुपारी तो शाळेकडे येतो, पण आत येत नाही. व्हरांड्यात थांबतो आणि खिडकीच्या चौकटीवरच्या माझ्या बहिणीमधून हात फिरवतो. आत टेबलावर, माझ्याशेजारच्या पेटीवर आकडा उमटतो. लोसालिने शिकवता शिकवता तो वाचते. हात सावकाश गेला असेल तर तिला कळतं की भाऊ दमला आहे, आणि ती मुलांच्या हाती बाहेर गरम जेवण पाठवते. भरकन गेला असेल तर ती हसते आणि फळ्याकडे वळते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखी एखादी जोडी कपाटात पडली असेल. तिला समुद्राच्या वाऱ्यापासून जपा. वापर झाला की डोळे मऊ फडक्याने पुसा. आमच्यामध्ये अंतर राहू द्या, त्याचं आम्हाला दुःख नाही, फक्त ते पट्टीने नीट मोजा. आणि जोडीतली एक सारखा अंधारच सांगू लागली तर "ही गेली" म्हणून टाकून देऊ नका. आधी तिच्या डोळ्यात बघा.